स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये गिटार दुरुस्तीचं काम करताना फोनवर, मेसेजवर आणि क्लास सुटल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची, नेक (तारांखालचा लांब दांडा) चार स्क्रूंनी बसवलेली, स्वस्तातली गिटार असते. त्यामुळे मापंही तिचीच दिली आहेत. सोपे प्रश्न आधी, अवघड आणि अपवादाचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. दादा, माझी गिटार साडेसात हजारांची आहे. तिच्यावर मेहनत घेण्यात अर्थ आहे का, की पैसे साठवून चांगलीच घेऊ?

अर्थ आहे, आणि भरपूर आहे. आज स्वस्त गिटारची लाकडं मशीनवरच कापली जातात. फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा जागच्या जागी असतात, बॉडीही बहुतेकदा ठीक असते. कारखाना पैसे वाचवतो तो माणसाच्या हाताच्या वेळेत. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा खोल केलेल्या नसतात, फ्रेटची टोकं घासलेली नसतात, ट्रस रॉड (नेकचा वाक ठरवणारी आतली धातूची सळई) कुणी तपासलेला नसतो. थोडक्यात, अशी गिटार वाईट नसते, अर्धवट असते. उरलेलं काम तुम्ही करू शकता, आणि ते करताना गिटार जेवढी कळते तेवढी दुसऱ्या कशानेच कळत नाही.

मात्र आधी दोन गोष्टी बघा. हेडस्टॉककडून, म्हणजे तारा आवळायचे पेग असतात त्या टोकाकडून, एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली दिसली तर नेकला पीळ आहे (प्रश्न 19). मग नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅटसारख्या गिटारवर ते साधारण 324 मिमी भरतं. बाराव्या फ्रेटपासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात पातळ तारेच्या सॅडलपर्यंतही (बॉडीवरच्या ब्रिजवर ती तार ज्या तुकड्यावर टेकते तिथपर्यंत) तेवढंच किंवा एक-दोन मिमी जास्त हवं. सॅडल पुढेमागे करूनही ते जुळत नसेल तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवला आहे. अशा गिटारवर खर्च करू नका.

2. हत्यारं कोणती लागतात? नाशिकमध्ये मिळतात का?

गिटारची म्हणून विकली जाणारी हत्यारं महाग पडतात, पण बहुतेकांना पर्याय आपल्याच बाजारात आहेत. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा संच) टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं, गॅरेजवाले टॅपेटसाठी वापरतात तेच. एलन कींचा मिलिमीटरचा सेट आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळेल. बारीक कानशींसाठी सराफ बाजाराच्या बाजूला सोनारकामाच्या हत्यारांची चौकशी करा. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत सुयांचा संच मिळतो, तो नटच्या खाचांसाठी उत्तम. सातपूर-अंबडकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत वेल्डिंगच्या सामानात तो बघा. सोल्डरिंग गन, सोल्डर, मल्टीमीटर, कपॅसिटर वगैरे महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत.

ओळखीत कुणी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये असेल तर ग्राइंडिंग केलेली, खात्रीने सरळ अशी फूटभर लांबीची पट्टी मागून ठेवा. नेक आणि फ्रेट तपासायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

3. सुरुवात नेमकी कशापासून करू? सगळंच बिघडलंय असं वाटतं.

नव्या तारांपासून. जुन्या, गंजक्या तारांवर घेतलेलं कुठलंही माप फसवं असतं. 9 ते 42 किंवा 10 ते 46 चा सेट (आकडे म्हणजे सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घ्या आणि पुढे तोच वापरा, कारण तारांची जाडी बदलली की ताण बदलतो आणि सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात.

त्यानंतरचा क्रम मोडू नका: आधी नेकचा वाक (प्रश्न 4), मग नट (प्रश्न 6), मग तारांची उंची (प्रश्न 5), मग इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूरही बरोबर येणं (प्रश्न 8), शेवटी पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांची, उंची (प्रश्न 16). नेकचा वाक बदलला की तारांची उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन सरकतं. उलटीकडून सुरुवात केली तर तेच काम दोनदा करावं लागेल. प्रत्येक पायरीनंतर गिटार पुन्हा सुरात लावून मगच मोजा.

4. ट्रस रॉड फिरवायची भीती वाटते. नेक तुटली तर?

सावकाश केलं तर तुटत नाही. जोर लावला तर रॉडचा नट किंवा आटे जातात, म्हणून भीतीऐवजी माप हाताशी ठेवा.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक जिथे बॉडीला जोडली आहे त्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार दाबा. आता तार स्वतःच सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात 0.2 ते 0.25 मिमी फट हवी. ती फिलर गेजने मोजा.

फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचा, कमी असेल किंवा नसेलच तर उलट सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या उतरवा. एलन की घट्ट बसणारीच घ्या. बऱ्याच गिटारना 4 मिमीची लागते, काहींना 5 मिमीची. सैल की फिरवली की आतले कोपरे झिजतात आणि मग रॉड असून नसल्यासारखा. की फिरतच नसेल तर तिथेच थांबा.

एक अपवाद: रॉड पूर्ण सैल करूनही फट येत नसेल तर एक नंबर जाड तारा लावून काही दिवस ठेवा. त्यांच्या ताणाने नेक बहुधा पुढे येते. ऋतू बदलला की हे माप बदलतं, त्यामुळे पावसाळा सुरू झाल्यावर आणि थंडी पडल्यावर एकदा तपासा.

5. तारा फार उंच आहेत, बोटं दुखतात. किती खाली आणू?

बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. सहावी तार 2 मिमी आणि पहिली 1.5 मिमी, हे माप शिकणाऱ्याला सोयीचं. मधल्या तारा एका रेषेत ठेवू नका. फिंगरबोर्डला जी गोलाई आहे तीच सॅडलच्या ओळीत दिसली पाहिजे. खाली आणता आणता तार कुठेतरी चरचरायला लागली तर प्रश्न 9 बघा.

सॅडल पूर्ण खाली टेकली आणि तरी तारा उंचच राहिल्या, असं स्वस्त गिटारवर बऱ्याचदा होतं. मग नेक काढा आणि तिच्या खाचेत ब्रिजकडच्या टोकाला पातळ विनियरची (लाकडाच्या पापुद्र्याची) पट्टी ठेवून पुन्हा आवळा. अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीनेही ब्रिजजवळ दीड मिमीच्या आसपास फरक पडतो, म्हणून पातळापासूनच सुरुवात करा.

6. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर, पण सी किंवा एफ कॉर्ड धरली की बेसूर. कानच खराब आहे का माझा?

कान चांगला आहे म्हणून तर कळलं. नटच्या खाचा उथळ आहेत. तार पहिल्या फ्रेटपाशी गरजेपेक्षा उंच आहे, दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. वर वर जाऊ तसा दोष कमी होतो, म्हणून पाचव्या-सातव्या फ्रेटवर तीच कॉर्ड बरी वाटते. स्वस्त गिटारमधला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष. लोक यासाठी तारा बदलतात, पिकअप बदलतात, शेवटी गिटार विकतात. काम असतं दुपारभराचं.

चाचणी अशी: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर काय दिसतं ते उजेडासमोर बघा. तारेखाली केसाएवढी फट हवी, वरून टिचकी मारली तर बारीकसा ‘टिक’ आवाज यावा. तिथे साध्या कागदाच्या दोन-तीन घड्या सहज जात असतील तर खाच खोल करायला हवी.

जाड तीन तारांसाठी वेल्डिंगच्या सुयांतली तारेपेक्षा किंचित जाड सुई घ्या. पातळ तीन तारांना त्या सुया मोठ्या पडतात. तिथे फिलर गेजचं 0.25 ते 0.45 मिमीचं पान घ्या, त्याच्या कडेला त्रिकोणी कानशीने जवळजवळ दात पाडा. छान बारीक करवत तयार होते. नटजवळचं हेडस्टॉक मास्किंग टेपने झाका. तार खाचेतून बाजूला करा, दोन-तीन हात फिरवा, तार परत बसवा, सुरात लावा, पुन्हा चाचणी. कंटाळा येतो, पण इथे घाई करायची नाही.

खाचेचा उतार हेडस्टॉककडे हवा, म्हणजे तार फिंगरबोर्डच्या बाजूच्या कडेवरून सुटते. खाच सपाट किंवा उलट उताराची झाली तर मोकळी तार तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझणते. तंबोऱ्यात तो गुण, इथे दोष. शेवटी खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. तार मोकळी सरकेल आणि ट्यूनिंगही जास्त टिकेल.

7. नट घासताना एक खाच जास्तच खोल गेली. आता नवीन नट?

नवीन लागेलच असं नाही. खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरा, त्यावर फेविक्विकचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं कडक होतं. वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड लांब. दोन्ही बाजूंना टेप लावायला विसरू नका. मग प्रश्न 6 प्रमाणे पुन्हा खाच पाडा. ही दुरुस्ती वर्ष-दोन वर्षं सहज चालते. पुढे कधी हाडाचा नट बसवलात तर उत्तमच.

8. बाराव्या फ्रेटच्या पुढे सगळंच बेसूर होतं. इंटोनेशन कसं करायचं?

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर बोट हलकेच टेकवून छेडा), मग तिथेच तार नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून लांब न्या. उतरता असेल तर नेककडे आणा. गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरून तपासा, टेबलावर आडवी ठेवून नाही. सॅडल हलवताना तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात.

सहाव्या तारेचं सॅडल मागे जायला जागाच उरत नसेल तर त्याच्या मागची स्प्रिंग काढून थोडी कापा. पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच बेसूर असेल तर दोष इथला नाही, नटचा आहे.

9. फक्त एकाच फ्रेटवर तार चरचरते. बाकी सगळीकडे ठीक.

त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. शोधायला सरळ कडेचा तुकडा घ्या. एटीएम कार्डाची लांब कड सुरुवातीच्या फ्रेटना चालते, वर सरकाल तसा आखूड तुकडा लागतो, कारण कड एका वेळी तीनच फ्रेटवर टेकली पाहिजे. तिन्ही सारखे असतील तर कड हलत नाही. डुगडुगली तर मधला उंच.

लगेच कानस उचलू नका. बऱ्याचदा फ्रेट उंच नसतो, खाचेतून उचललेला असतो. बोटाने एका टोकाला दाबून बघा. हलला तर लाकडाचा छोटा ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने बसवा आणि कडेने पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा. खरोखरच उंच असेल तर दोन्ही बाजूंचा फिंगरबोर्ड टेपने झाका, फ्रेटच्या माथ्यावर मार्करने रेघ ओढा आणि बारीक कानशीने घासा. डुगडुग थांबली की थांबा. माथा सपाट झालेला असतो, त्याला कडांनी पुन्हा गोलाई द्या, मग 400, 600, 1000, 2000 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. शेवटचा पेपर झाल्यावर तार त्या फ्रेटवर खेचून बघा, खरखर अजिबात जाणवता कामा नये.

चार-पाच ठिकाणी चरचर असेल तर फ्रेट घासू नका, आधी प्रश्न 4 पुन्हा करा. तिथे बहुतेकदा वाक कमी पडलेला असतो.

10. एप्रिल-मे आला की नेकच्या कडेने हात फिरवताना फ्रेट टोचतात. पावसाळ्यात हा त्रास नव्हता.

फ्रेट वाढत नाहीत, लाकूड आक्रसतं. स्वस्त गिटार मोठ्या प्रमाणावर चीन आणि इंडोनेशियात बनतात. ओलसर हवेत तयार झालेली नेक आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आडवी थोडी आक्रसते, धातूचा फ्रेट तेवढाच राहतो आणि टोकं बाहेर डोकावतात.

घासायचं तर उन्हाळ्यातच घासा, लाकूड सगळ्यात जास्त आक्रसलेलं असताना. तेव्हा घासलेली टोकं पुढे वर्षभर टोचत नाहीत. बारीक कानस कडेला तिरकी धरून एकेक टोक, लाकडावर टेप लावून. घासताना फक्त धातूचा आवाज यावा. लाकडाचा आला की थांबा. आणि मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवू नका. वाकलेली नेक परत आणणं फ्रेट घासण्याइतकं सोपं नसतं.

11. व्हॅमी बार (सूर हलवायचा ब्रिजवरचा दांडा) एकदा दाबला की गिटार सुरातून जाते. काय करू?

आधी दोन साध्या गोष्टी. पेगवर तार दोन-तीन वेढे, खाली खाली जाणारे, एकावर एक न चढलेले असावेत. नवी तार लावल्यावर हाताने हलके खेचून पुन्हा सुरात लावायची, ती उतरायची थांबेपर्यंत. नटमध्ये तार अडकते का तेही बघा. पेग फिरवताना ‘टंग’ आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर अडकते (प्रश्न 6).

सहा स्क्रूंवर बसलेला ब्रिज असेल तर ते सगळे करकचून आवळलेले नकोत. बाहेरचे दोन ब्रिजला टेकलेले, मधले चार किंचित वर, म्हणजे प्लेट मोकळी डुलते.

माझं मत विचाराल तर बार क्वचितच वापरत असाल तर ब्रिज बंदच करा. मागचं झाकण उघडा, धातूचा ब्लॉक आणि लाकडाची भिंत यांच्यातली फट मोजा आणि सुताराकडून तेवढाच कडक लाकडाचा तुकडा घेऊन घट्ट बसवा. दुसऱ्या बाजूने स्प्रिंगचे स्क्रू आवळा. गिटार कमालीची स्थिर होते आणि हवं तेव्हा तुकडा काढता येतो. स्वस्त फ्लॉइड रोझ प्रकारच्या डुलत्या ब्रिजसाठी तर मी हाच उपाय आधी सांगतो.

12. केबल हलवली की आवाज येतो-जातो. केबल बदलली, तरी तेच.

मग जॅक. त्याचा बाहेरचा नट सैल होतो, आपण तो हाताने आवळतो, आत जॅकही गोल फिरतो आणि तारा पिळवटून तुटतात. प्लेट उघडून नट आवळताना आतला जॅक धरून ठेवा.

तार तुटली असेल तर सोल्डर करा. जॅकवर दोन जागा असतात. एक मधल्या गोल भागाला जोडलेली, ती ग्राउंड. दुसरी प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या लांब पट्टीची, ती सिग्नल. जुनं सोल्डर काढा, पत्रा कानशीने जरा खरवडा. गनचं टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर सोल्डरचा थेंब घ्या. गन पत्र्याला लावा, दोन सेकंद थांबा आणि सोल्डर गनला नव्हे, तापलेल्या पत्र्याला लावा. ते पसरून चमकदार झालं तर सांधा पक्का. गोळा होऊन मळकट राहिलं तर सांधा थंड आहे, पुन्हा तापवा. 60/40 चं रोझिन असलेलं सोल्डर आणि 25 वॉटची गन इथे पुरते. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर ग्राउंड लावायला मात्र 40 ते 60 वॉट लागतात. कमी वॉटची गन तिथे मिनिटभर टेकवून ठेवली तर पॉट आतून जळतो.

13. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीत मारा आणि बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. पिकअपच्या स्विचलाही हेच. गंज सोडवायचा साधा स्प्रे वापरू नका, त्याचा तेलकट थर धूळ धरतो. तरीही खरखर राहिली तर पॉट बदला (प्रश्न 16).

14. अँपमधून सतत घूंऽऽ असा हमिंगचा आवाज येतो. गिटार खराब आहे का?

कधी गिटार, कधी घरची लाइन. आधी दोष कुठे आहे ते शोधा, मग खर्च करा.

व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज तसाच राहिला तर केबल, अँप किंवा वायरिंग बघा. गेला तर तो पिकअपमधून येत होता. आता व्हॉल्यूम वाढवून तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर ग्राउंड ठीक आहे, शील्डिंग (बाहेरचा आवाज अडवणारं धातूचं अस्तर) कमी आहे. हात लावल्यावर वाढला तर ब्रिजची ग्राउंडची तार तुटली आहे किंवा जॅकवरच्या दोन तारा उलटसुलट लागल्या आहेत. मल्टीमीटरचा एक प्रोब ब्रिजवर आणि दुसरा जॅकच्या बाहेरच्या भागावर ठेवून कंटिन्युइटी बघा. बीप नाही म्हणजे तार तुटली. ट्रेमोलो, म्हणजे व्हॅमी बारचा ब्रिज असलेल्या गिटारमध्ये ही तार मागे स्प्रिंगच्या पट्टीला जोडलेली असते.

मग गिटार हातात धरून जागीच गोल फिरा. एका दिशेला आवाज जवळजवळ जातो आणि दुसरीकडे वाढतो? तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा. त्यावर तांब्याचा पत्रा काही करू शकत नाही. अँपपासून लांब उभे राहा किंवा हमबकर (हमिंग मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप) वापरा. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप असलेल्या अनेक गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यांच्यात स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हे हमिंग आपोआप कमी होतं.

बारीक, चिरचिरा आवाज असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, एलईडी दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक करून बंद करून बघा. अशा आवाजाला शील्डिंगचा खूप उपयोग होतो. आतली पोकळी आणि पिकगार्डची मागची बाजू तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा. तुकडे एकमेकांवर चढवा, प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्या, सगळं मिळून ग्राउंडला एक तार. जॅकची सिग्नलची पट्टी तांब्याला टेकणार नाही याची काळजी घ्या. टेकली की गिटार पूर्ण मुकी.

15. गाताना माइकला ओठ लागले की करंट बसतो. गिटारचं काय करायचं?

गिटारचं काही नाही. वाजवणं ताबडतोब थांबवा. साध्या गिटारमध्ये स्वतःची वीज नसते. अँप किंवा साउंड सिस्टिमच्या अर्थिंगमध्ये दोष आहे, आणि गिटारच्या तारा तुम्हाला त्या दोषाशी जोडतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये आणि गणपती-नवरात्राच्या मंडपात जनरेटरवर हे विशेष जपा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. हमिंग कमी होतं म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक भेटतात. ते कधीही करू नका, यात माणूस जातो. अँप स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

16. पिकअप बदलले की महागड्या गिटारसारखा आवाज येईल?

आवाज बदलेल. पण नट, फ्रेट आणि इंटोनेशन नीट नसतील तर नवे पिकअप तोच बेसूरपणा जास्त स्वच्छ ऐकवतील. म्हणून हे शेवटी.

आधी फुकटातला उपाय: उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सिंगल कॉइलपासूनचं अंतर मोजा. जाड तारेकडे 2.5 मिमी आणि पातळ तारेकडे 2 मिमीपासून सुरुवात करा. पिकअप फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर एकाच वेळी दोन सूर ऐकू आल्यासारखं होतं. ते इंटोनेशनचा दोष समजून लोक सॅडलशी झटत बसतात.

बदलायचेच असतील तर सिंगल कॉइलना 250 किलोओहम आणि हमबकरना 500 किलोओहमचे पॉट साधारणपणे लागतात. व्हॉल्यूमला लॉग प्रकारचा, म्हणजे ‘ए’ लिहिलेला घ्या. स्वस्त गिटारची भोकं छोट्या पॉटची असतात, मोठ्या पॉटसाठी ती वाढवावी लागतील, म्हणून विकत घेण्याआधी मोजा. टोनच्या कपॅसिटरवर 223 लिहिलं असेल तर तो 0.022 मायक्रोफॅरड, 473 म्हणजे 0.047. किंमत महत्त्वाची नाही, आकडा महत्त्वाचा.

तारांच्या रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर ते उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडतात. मल्टीमीटर 20 किलोओहमवर ठेवून पिकअपला लावा, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर त्यावर टेकवून झटकन उचला. आकडा ज्या बाजूला उसळतो ती सगळ्या पिकअपची सारखी हवी. वेगळी असेल तर त्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा. मात्र एखादी तार धातूच्या कव्हरला जोडलेली असेल तर आधी कव्हरचं ग्राउंड वेगळं करा, नाहीतर कव्हरच सिग्नलला लागेल आणि हमिंग वाढेल.

17. पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू गोल फिरतो, पकडच घेत नाही.

बांबूच्या टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, वर आलेल्या कापा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू घाला. नेकच्या स्क्रूंसाठी हे पुरत नाही. तिथे भोक साफ करून लाकडाची गोल खुंटी चिकटवायची आणि नव्याने भोक पाडायचं.

18. फिंगरबोर्ड पांढुरका, कोरडा दिसतो. कुठलं तेल लावू? खोबरेल चालेल?

खोबरेल नको, ते आत राहून खवट होतं. फिंगरबोर्डसाठीचं लेमन ऑइल थेंबभर, वर्षातून एक-दोनदा, आणि लगेच पुसून काढा. मेपलच्या चकचकीत, पॉलिश केलेल्या फिंगरबोर्डला तेल लागतच नाही.

शिसवीऐवजी ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेलं असतं म्हणून काही जण खट्टू होतात. तो आपला ऐन, पेठ-सुरगाण्याच्या जंगलातला. कडक, टिकाऊ लाकूड आहे. रंग फिकट, एवढंच. तेलाने तो बराच खुलतो.

19. नेकला पीळ आहे, दुकानदाराने परत घेतली नाही. आता भंगारात?

आधी नेक काढून दुसरी बसते का बघा. खाचेची रुंदी आणि फ्रेटची संख्या जुळली पाहिजे आणि स्केलची (नटपासून ब्रिजपर्यंतची) लांबी 648 मिमीचीच हवी. पण नव्या नेकची किंमत बऱ्याचदा गिटारएवढीच भरते.

तेवढा खर्च नको असेल तर तिची स्लाइड गिटार करा. मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या बारने वाजवायची. तारा फ्रेटला टेकतच नाहीत, त्यामुळे पीळ, उंच फ्रेट, चरचर या सगळ्याचा प्रश्नच मिटतो. नटवर चढवायचा धातूचा उंच नट मिळतो, किंवा सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या अँगलचा तुकडा कापून त्यात खाचा पाडून घ्या. नटपाशी तारा फिंगरबोर्डपासून आठ-दहा मिमी वर राहतील एवढी उंची ठेवा, ब्रिजची सॅडलही वर घ्या. तारा 11 किंवा 12 च्या सेटच्या लावा. ट्रेमोलो असेल तर प्रश्न 11 प्रमाणे आधी बंद करा, नाहीतर जाड तारांच्या ताणाने ब्रिज उचलला जाईल.

हिंदुस्थानी संगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार अशीच मांडीवर घेऊन राग वाजवले. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी अशाच गिटारची मोहन वीणा घडवली. मींड घ्यायला फ्रेटपेक्षा बार सोयीचा, म्हणून ज्यांना गायकी अंगाने वाजवायचं आहे त्यांना मी चांगल्या नेकच्या गिटारवरही हे करून बघायला सांगतो. पहिल्यांदा सहा तारा, जाड तारेकडून पातळ तारेकडे, डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लावा. सगळ्या मोकळ्या छेडल्या की डी मेजर कॉर्ड ऐकू येते, आणि बार सरळ आडवा ठेवून कुठल्याही फ्रेटच्या बरोब्बर वर नेला की तिथली मेजर कॉर्ड मिळते.